साटम मास्टर आणि विमानाची बॅग

साटम मास्टर गेला हे मला मोबाइलवर कळलं. साकीनाक्याच्या आमच्या जुन्या कारखान्यांच्या इस्टेटीतल्या लोकांचा एक ग्रुप आहे, नातीने मला त्यात घालून ठेवलंय. सकाळी उघडून बघते तर जोडलेल्या हातांची रांग लागलेली. एकाने लिहिलं होतं, देवमाणूस गेला. खाली दुसऱ्याने, खरंच देवमाणूस. मग सगळ्यांनी तेच लिहिलं. ज्यांनी जिन्यात उभं राहून त्याच्या नावाने शिव्या घातल्या होत्या त्यांनीही तेच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मेल्यावर माणूस चांगला होतो असं मला तेवढ्यात कोणी शिकवलं नाही. म्हणून मी लिहायला बसले.

त्याच्या गाळ्यात मी बरीच वर्षं फिनिशिंगला होते. फिनिशिंग म्हणजे शिवून झालेल्या बॅगेचे लोंबणारे धागे कापायचे, चेन मागेपुढे करून बघायची, डाग दिसला तर पुसायचा. माझा नवरा गिरणीत होता, साटमाचा बापही त्याच खात्यात, त्या ओळखीवर मला काम मिळालं. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मला वयनी म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. मी त्याला मास्टर म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. कापड बेतणाऱ्याला आमच्याकडे मास्टरच म्हणतात, मग तो गाळ्याचा मालक का असेना.

माणूस घाणेरडा होता. हे आधीच सांगून टाकते.

कापडावर रेघ मारायचा खडू तो जिभेवर ओला करायचा. रेघ मारली की खडू परत जिभेवर. संध्याकाळपर्यंत त्याची जीभ निळी व्हायची आणि तशाच जिभेने तो गिऱ्हाइकाशी बोलायचा. दोऱ्याला थुंकी सगळेच लावतात, पण हा दुसऱ्याच्या सुईतला दोराही ओढून तोंडात घालायचा आणि ओवून परत द्यायचा, वर उपकार केल्यासारखा बघायचा. उजव्या करंगळीचं नख त्याने वाढवलं होतं. त्या नखाने तो कापडाची घडी दाबायचा, चुकलेली शिलाई उसवायचा, कान कोरायचा आणि दातातली सुपारी काढायचा. त्यात आधी काय आणि मग काय याला काही नियम नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा डबा तो सगळ्यात शेवटी उघडायचा. आधी आमच्या डब्यांवरून नाक फिरवायचा. कोणी बांगड्याचं तिखलं आणलं असेल तर डोक्याचा तुकडा त्याचा. विचारायची पद्धत नाही, थेट बोटं आत. "डोक्यात काटो असता, तुमच्या घशात जायत," असं म्हणायचा. चोखून झालेला काटा तो बेतायच्या टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवायचा. दुपारी त्याच टेबलावर आम्ही कापड पसरायचो.

हात पुसायचा तो अस्तराला. मी एकदा म्हटलं, "मास्टर, फडकं आहे ना तिकडे."

"वयनी, अस्तर आत जाता. आत कोण बघता?"

त्याचं सगळं आयुष्य या एका वाक्यात बसत होतं. बॅग म्हणजे पोट, आतला भायर दिसता नये, असं तो कामाला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा. बाहेरून त्याची बॅग झकास. शिलाई सरळ, कोपरे गोल, पट्टा ओढून ओढून तुटायचा नाही. आतलं आम्हाला विचारा. शाळेच्या बॅगेच्या तळाला जाड पुठ्ठा घालतात ना, त्या जागी हा जुन्या लग्नपत्रिका घालायचा. कुठल्या तरी छापखान्यातून छपाईत चुकलेल्या पत्रिकांचे गठ्ठे आणायचा आणि थरावर थर चिकटवायचा. मुलुंडच्या एका बाईने पोराची बॅग बादलीत बुचकळून धुतली, तर तळ फुटून आतून कोणाचं तरी शुभमंगल बाहेर आलं. बाई बॅग घेऊन गाळ्यावर आली, हातात लगदा झालेला गणपती.

साटम पत्रिका निरखून म्हणाला, "बाई, शुभ हा. घरात कोणाचा जमाचा हा काय?"

बाई म्हणाली, "जमायचं आहे नणंदेचं. पण बॅगेचं काय?"

"जमला म्हणान समजा." आणि त्याने तिला नवीन बॅग न देता तीच शिवून परत दिली. बाई घेऊन गेली. जाताना मला विचारते, मास्टरांना ज्योतिष येतं का हो. मला दोघांचाही संताप आला.

हात मात्र चांगला होता, ते नाकारत नाही. चोरकप्पा करावा तर त्यानेच. बॅग उलटी करून झटकली, अस्तर चाचपलं तरी सापडायचा नाही. प्रत्येक बॅगेत, कोणी मागितला नसला तरी, तो एक चोरकप्पा ठेवायचा. गिऱ्हाइकाला सांगायचाही नाही. "मेल्यांका गावात तेव्हा गावात," म्हणजे सापडेल तेव्हा सापडेल, असं म्हणायचा आणि खूष व्हायचा. कितीतरी लोक त्याची बॅग वापरून वापरून टाकून देत असतील आणि त्यांना पत्ताही नसेल.

अशा माणसाकडे विमानाच्या बॅगेचं काम आलं.

काम आणलं घाटकोपरच्या जिग्नेशभाईंनी. ते बॅगांचे व्यापारी, स्वतः सुई धरत नाहीत, आमच्यासारख्यांकडून शिवून घेतात. दिल्लीच्या एका मोठ्या कंपनीला आपल्या सगळ्या माणसांसाठी लॅपटॉपच्या बॅगा हव्या होत्या. माणसं सारखी विमानाने फिरणारी. विमानतळावर बॅग मशीनमधून जाते तेव्हा लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो, पाठीमागे रांग खोळंबते. तर बॅगच अशी करायची की तीन बाजूंनी चेन उघडली की पुस्तकासारखी दोन अर्ध्यांत सपाट पडेल. एका अर्ध्यात फक्त लॅपटॉप. त्याच्या वर-खाली कप्पा नको, बक्कल नको, लोखंडाचा कणही नको, म्हणजे मशीनला तो स्वच्छ दिसेल. चार्जर, वायरी, बाकीचा पसारा दुसऱ्या अर्ध्यात, तेही जाळीच्या कप्प्यांत.

"मास्टर, इसमें कुछ छुपाना नहीं है," जिग्नेशभाई म्हणाले. "सब दिखना चाहिए."

"शेठ, सगळा दाखवूचाच असात तर बॅग कित्याक? हातात धरून जावा म्हणावं."

पण काम घेतलं. अशी ऑर्डर त्याला कधी मिळाली नव्हती. बेतलं त्याने, पण अडलं मधल्या घडीवर. दोन अर्धे जिथे जोडले जातात तिथे बॅग फुगायची, मशीनच्या सरकत्या पट्ट्यावर सपाट पडली नसती. ती घडी जमवली सविताने.

सविता आमच्याकडची शिलाईवाली. नाहूरला राहायची, चाळिशीची, नवरा गेलेला, घरात एक सासू. गाळ्यात साटमाला उलट उत्तर देणारी माझ्याखेरीज तीच. तो नख कानात घालून घडी दाबायला आला की म्हणायची, "मास्टर, आधी तो हात त्या कानातच ठेवा, मी शिवते तोवर." तो हसायचा. तिच्या कामावर त्याचा विश्वास होता. तिच्या डब्यावरही.

बॅग मशीनमध्ये स्वच्छ दिसते की नाही, हे बघायचं कसं? विमानतळावर आम्हाला कोण आत सोडणार. साटमाने भंगारवाल्याकडून एक बंद पडलेला लॅपटॉप आणला, बॅगेत घातला आणि आम्हा दोघींना घेऊन मेट्रो स्टेशनवर गेला. तिथेही बॅग मशीनमधून जाते आणि शेजारी शिपाई पडद्यावर बघत बसलेला असतो. मला तसंही अंधेरीला जायचं होतं, म्हणून मी गेले.

साटमाने बॅग पट्ट्यावर उघडून ठेवली आणि ती आत गेली तसा स्वतः शिपायाच्या मागे जाऊन पडद्यावर वाकला.

"अंकल, आगे चलो. ये टीव्ही नहीं है."

तो पुढे गेला, बॅग घेतली, बाहेर येऊन परत रांगेत उभा राहिला. परत पट्ट्यावर. परत वाकला. तिसऱ्यांदा शिपायाने आम्हाला बाजूला घेतलं. एक बाई शिपाई आली, तिने बंद लॅपटॉप उलटासुलटा केला. चालू होत नाही म्हटल्यावर तिचा संशय वाढला. "इसको लेके बार बार क्यूं घूम रहे हो?"

सविताने तिला सगळं सांगितलं. बॅग उघडून मिटून दाखवली, मधली घडी दाखवली. बाईला गंमत वाटली. तिने स्वतः बॅग पट्ट्यावर ठेवली आणि आम्हाला पडद्याशी बोलावलं. लॅपटॉप एखाद्या पाटीसारखा दिसत होता, आजूबाजूला काही नाही.

"एकदम साफ," ती म्हणाली.

साटमाचे डोळे चमकले. बाहेर येऊन त्याने सवितासाठी वडापाव घेतला. साटम कोणासाठी काही विकत घेतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. अर्धा त्यानेच खाल्ला, पण घेतला. "सविता, तुझी घडी दिल्लीक जातली," म्हणाला. ती लाजली. त्या दिवशी तो मला जवळजवळ माणूस वाटला. पुढे जे झालं त्याची किळस म्हणूनच जास्त येते.

आता त्याच्या पहिल्या बॅगेबद्दल सांगायला हवं. रिकामी पिशवी कोणाला देऊ नये, हे आपल्याकडे घराघरात आहे. पोरीला साधी पर्स दिली तरी आत एक नाणं टाकून देतात. साटमाने त्याचा मोठा सोहळा करून ठेवला होता. नवीन ऑर्डरची पहिली बॅग तयार झाली की मशीनी बंद. बॅग टेबलावर, तिच्यापुढे नारळ, आणि तो गावासारखं गाऱ्हाणं घालणार.

"बा देवा म्हाराजा, साकीनाक्याच्या म्हाराजा, ही जी बॅग आज तयार झाली हा, तिका विमानात बसव. तिच्यार कोणाची वाकडी नजर पडली असात ती परत फिरव. लेकरांच्या मेहनतीक यश दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही सगळ्यांनी म्हणायचं. आझमगडचा रफिक कारागीर सगळ्यात मोठ्याने म्हणायचा, कारण त्यानंतर खोबरं मिळायचं.

मग साटम बॅग घेऊन पडद्याआड जायचा. एक रुपयाचं नाणं, नजर लागू नये म्हणून एक लोखंडी खिळा, दोन्ही काळ्या दोऱ्याने बांधून कुंकवाच्या अक्षतांबरोबर अस्तराच्या आत शिवून टाकायचा. हे त्याने स्वतःच्या हाताने करायचं, आणि नक्की कुठे ते कोणाला सांगायचं नाही. नाहीतर म्हणे बरकत जाते.

इतर बॅगांत चोरकप्पा असायचा. या बॅगेला चोरकप्पाच नव्हता, दुसऱ्या अर्ध्यात तर नुसती जाळी. लपवायला एकच जागा उरली, लॅपटॉपखालच्या फोमच्या आत. ज्या अर्ध्यात काही म्हणजे काही नसावं म्हणून एवढा खटाटोप केला, तिथेच त्याने नाणं आणि खिळा घातला. ते आम्हाला नंतर कळलं. मेट्रोच्या मशीनमधून गेली ती चाचणीची बॅग. जिग्नेशभाई दिल्लीला घेऊन निघाले ती ही, पहिली.

ते निघाले त्या दिवशी दुपारी जेवणं नुकतीच आटोपली होती. जिग्नेशभाई दारात. चपला न काढता आत आले आणि बॅग टेबलावर टाकली. अस्तर उभं फाडलेलं, फोम बाहेर. खिशातून त्यांनी एक पुडी काढून तिच्यावर उपडी केली. नाणं, खिळा, काळा दोरा, लाल तांदूळ.

विमानतळावर आधी शिपायाने त्यांना सांगितलं की बॅग कशीही असो, लॅपटॉप बाहेर काढाच, इथे सगळ्यांनाच काढावा लागतो. म्हणजे एवढी बॅग केली ती तिथेच निम्मी फुकट. त्यांनी काढला. बॅग परत आत गेली, तर पडद्यावर एक गोल आणि एक टोकदार काहीतरी. खिसे उलटे केले, कुठेच सापडेना. बॅगवाल्यालाच ठाऊक नाही आत काय आहे म्हटल्यावर त्यांना बाजूला बसवलं, चार जण गोळा झाले, शेवटी अस्तर कापलं. विमान गेलं. दिल्लीचा माणूस वाट बघत बसला.

"ये किसने डाला?" जिग्नेशभाईंनी विचारलं.

गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं होतं, सगळ्यांनी खोबरं खाल्लं होतं.

साटमाने नाण्याकडे पाहिलं. विचार करायला त्याला वेळ लागला नाही, ते मला अजून विसरता येत नाही. मान वळवून तो म्हणाला, "सविता, ह्या काय घातलंस?"

ती मशीनवरून उठली. "मी?"

"तुका मी सांगितलंला, असले धंदे माझ्या गाळ्यात नको म्हणान." मग जिग्नेशभाईंकडे वळून हिंदीत, "अकेली औरत है शेठ. आदमी मर गया. क्या क्या करती रहती है, करणी-बिरणी. मैंने घर की हालत देख के रखा था."

"मास्टर, जिभेला हाड आहे का तुझ्या?" मी म्हटलं. "शेठ, नाणं यानेच घातलं. दर ऑर्डरला घालतो. विचारा कोणालाही."

"तुमी गप ऱ्हवा वयनी."

जिग्नेशभाईंनी रफिककडे पाहिलं. रफिक मशीनच्या चाकात बघत होता, जणू तिथे कोणीतरी बुडतंय. दुसरे दोघे कापडाच्या गठ्ठ्यामागे काहीतरी शोधायला लागले. जिग्नेशभाईंना खरंखोटं करायचं नव्हतं. त्यांना कोणीतरी एक नाव हवं होतं. "मावशी, आप बीच में मत पड़ो. मास्टर, इसको निकालो और मुझे दूसरा सॅम्पल दो."

सविताने डब्याची पिशवी घेतली. साटमाच्या जवळून जाताना थांबली. तो टेबलावरचे लाल तांदूळ करंगळीच्या नखाने एकत्र करत होता. वर बघेना. ती गेली.

मी काम सोडलं नाही. सोडलं असतं तर तो सुटला असता. मी रोज जाऊन त्याच्या समोर बसायचे आणि आल्या आल्या विचारायचे, "मास्टर, सांगितलंस का कोणाला खरं?"

"सांगतंय, सांगतंय."

तो काय सांगणार. तोवर इस्टेटभर झालं होतं, साटमाकडची ती विधवा बॅगेत करणी शिवते. आमच्याकडे काम कागदावर मिळत नाही, तोंडावर मिळतं. एका गाळ्यातला दुसऱ्याला सांगतो, बाई चांगली आहे, ठेवून घे. तसंच हेही सांगतो. सविता खाली अंगणात चहावाल्यापाशी येऊन उभी राहायची, गाळ्यागाळ्यात विचारायची. तीन ठिकाणी सांगितलं, जागा भरली. एका ठिकाणी तर 'शिलाईवाली पाहिजे' असा बोर्ड लागलेला असताना सांगितलं. एकजण निदान सरळ बोलला, "बाई, आमचा माल पण बाहेर जातो." बटणांच्या गाळ्यातली पुष्पा, जिच्या मुलीच्या बारशाला सविताने झबली शिवून दिली होती, ती सविता बाकावर बसली की आपला डबा हळूच दुसऱ्या बाजूला सरकवायची. आणि रफिक तिला बघून सलाम करायचा, लांबून.

इकडे दुसरं सॅम्पल रफिकने शिवलं. मधली घडी टम्म फुगली, भाकरीसारखी. तिसरं साटमाने स्वतः शिवलं, तेही फुगलं. जिग्नेशभाईंनी शेवटचं सांगितलं, या आठवड्यात बॅग सपाट पडली पाहिजे, नाहीतर दुसरा मास्टर बघतो. बघितलाच त्यांनी पुढे, ते इथेच सांगून टाकते. पण तेव्हा साटमाला आशा होती. मला म्हणाला, "वयनी, चला मां माझ्याबरोबर. नाहूरला जाऊन येऊ."

"कशाला?"

"बोलूक."

गेलो. जाताना त्याने केळी घेतली. आम्ही सविताच्या दारात पोचेपर्यंत त्यातली दोन त्याने खाल्ली होती आणि सालं जिन्याच्या कोपऱ्यात टाकली होती.

सविताने आत घेतलं, पाणी दिलं. सासू पलंगावर बसून सगळं बघत होती. साटम इकडे तिकडे बघत म्हणाला, "सविता, माझा चुकला गो. शेठ समोर होतो, माका सुचला नाय. तू चल परत."

सासू म्हणाली, "म्हणजे कबूल आहे."

"कबूल हा म्हातारे, म्हणान तर इलंय."

सविता म्हणाली, "इथे कोणाला सांगताय मास्टर? सासूबाईंना ठाऊक आहे. मावशींना ठाऊक आहे. उद्या जेवणाच्या सुट्टीत खाली चहावाल्यापाशी या. सगळे असतात. तिथे बोला. नाणं मी घातलं, सविताने काही केलं नाही. एवढंच. मग मी वर येते आणि घडी शिवून देते."

"ता मी सांगतंय. ऑर्डर होऊन जाऊंदे, मग आरामात सांगतंय."

"आधी."

"अगो, लोकांका काय..."

"मास्टर, तुमच्या एका वाक्याने मला कोणी पाणी विचारत नाही. दुसरं वाक्य तुम्ही बोलायचं. मी पैसे मागत नाही, पाया पडा म्हणत नाही."

त्याने स्वतःचा गळा दोन बोटांत धरला. "गळ्याची शप्पत. उद्या सांगतंय." निघताना सासूकडे बघून म्हणाला, "चाय नाय ठेवलीस?" तिने ठेवली. तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी सविता सुट्टीच्या आधीच खाली येऊन उभी होती. साडी धुतलेली, केस नीट बांधलेले. मी तिच्या शेजारी उभी राहिले. हळूहळू अंगण भरलं. पुष्पा आली, बटणवाल्या बायका आल्या, वरच्या मजल्यावरचे पुठ्ठेवाले आले, रफिक आला. काहीतरी होणार आहे हे वास आल्यासारखं सगळ्यांना कळलं होतं, कारण कोणी डबे उघडत नव्हतं.

साटम जिना उतरून आला. सरळ चहावाल्यापाशी गेला. ग्लास घेतला. माझ्याकडे पाहिलं, सविताकडे पाहिलं. घसा खाकरला.

"काय रे," तो चहावाल्याला म्हणाला, "आज आलं घालूक नाय?"

चहावाला म्हणाला, "घातलंय की मास्टर."

"लागत नाय." मग पुठ्ठेवाल्याकडे वळला. "तुमच्याकडे पाणी इला काय सकाळी? आमच्याकडे थेंब नाय." पुठ्ठेवाला काहीतरी बोलला. मग साटम डासांवर बोलला. मग गटारावर बोलला. चहा फुंकून फुंकून प्यायला, तळाशी उरलेला चोथा बोटाने काढून चाटला, ग्लास ठेवला आणि जिन्याकडे चालायला लागला.

मी त्याच्यामागे निघणार होते. त्याची कॉलर धरून परत आणायचं माझ्या मनात होतं. सविताने माझा हात धरला.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. मग तिने आवाज चढवला, ओरडली नाही, फक्त वरच्या मजल्यापर्यंत जाईल इतका. "ऐका सगळे. बॅगेत नाणं आणि खिळा साटम मास्टरने घातला. दर वेळी तेच घालतात. मी काही केलं नाही. काल माझ्या घरी येऊन त्यांनी कबूल केलंय, या मावशी होत्या. कोणाला काम द्यायचं असेल तर मी इथे उभी आहे. नसेल तर मी दुसरीकडे जाते. पण माझ्या नावाने करणी म्हणायचं नाही."

पुष्पा म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं गं."

"वाटलं होतं तर डबा कशाला सरकवत होतीस?" मी विचारलं. ती पदराशी चाळा करत बसली. वाटलं होतं म्हणे. मला त्या अंगणातल्या एकेका तोंडाची शिसारी आली. रफिक पुढे आला, सवितासमोर उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "सच बोल रही है बहन. मैंने भी खोबरा खाया है." उशिरा बोलला, पण बोलला. तेवढं मी त्याच्या जमेला लिहून ठेवते.

साटम तोवर जिन्याच्या वळणावर पोचला होता. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली. सविताचं पहिलं वाक्य आलं तेव्हा थांबला होता तो तसाच होता. मला वाटलं, आता तरी वळेल, हो म्हणेल, किंवा शिवी तरी देईल. माणसाला लाज वाटली की तो खाली बघतो, राग आला की समोर बघतो. साटम कठड्यावरून मान काढून अंगणात बघत होता. पुठ्ठेवाल्याकडे, मग बटणवाल्या बायकांकडे, मग रांगेने एकेकाकडे. सविताकडे नाही. कोणी कोणी ऐकलं ते तो बघत होता. सगळ्यांनी ऐकलंय अशी खात्री झाल्यावर त्याने मान आत घेतली आणि वर गेला.

मी कात्री आणायलाही परत गेले नाही. त्यानंतर तो मला दिसला नाही.